मुंगसाचं अनेकवचन

भाचीच्या वहीतला एक शब्द गेले काही दिवस डोक्यातून जात नाही. इंग्रजीचा गृहपाठ होता. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ ओढलेली, डावीकडे प्राण्याचं नाव, उजवीकडे त्याचं अनेकवचन. माउसपुढे माइस, गूसपुढे गीस, शीपपुढे शीप, ऑक्सपुढे ऑक्सन. सगळं बरोबर. शेवटच्या ओळीत मॉन्गूस होता आणि त्याच्यासमोर तिच्या गोल, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'मॉन्गीस'. बाकीच्या शब्दांपेक्षा हा शब्द जरा ठळक उठला होता. स्वतःला सुचलेलं उत्तर लिहिताना पेन्सिलीवर असा जोर पडतो. मी लाल पेननं त्यावर काट मारली आणि शेजारी 'मॉन्गूसेस' लिहिलं. तिनं विचारलं, "मामा, गूसचं गीस होतं ना? मग मॉन्गूसचं मॉन्गीस का नाही?" मी घाईत होतो. म्हणालो, "ते तसंच असतं. पाठ कर." तिनं मान हलवली, वही मिटली आणि उठून गेली. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं मला ओळखीचं वाटलं.

तिच्या वयाचा असताना मीही असाच गप्प राहिलो होतो. फळ्यावर खडूनं लिहिलेल्या दोन रांगा, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी खडूची भुकटी, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतोय: टूथ टीथ, फूट फीट, माउस माइस. त्या म्हणण्याला एक झोका होता आणि तो मला आवडायचा. शीपपाशी मात्र झोका अडकायचा. एक शीप, शंभर शीप. मी हात वर करून विचारलं होतं, की मेंढ्या शंभर झाल्या तरी शब्द तसाच कसा राहतो? वर्ग हसला. उत्तर मिळालं, "अपवाद आहे. लिहून घे." अपवाद हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात एखाद्या दोषासारखा बसला. शिस्तीत वागणारे शब्द एका रांगेत, न वागणारे दुसऱ्या. त्या दुसऱ्या रांगेतल्या शब्दांना काही सांगायचं असेल हे कधी मनातही आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं इंग्रजी रोज वापरली, माइस आणि गीस बिनचूक लिहीत आलो. बिनचूक लिहिता येतं म्हणजे कळलं, असंच धरून चाललो होतो.

त्या रात्री मॉन्गूस शब्दकोशात काढला, तर व्युत्पत्तीच्या ओळीत मराठीचं नाव. मॉन्गूस म्हणजे आपलं मुंगूस. त्याच्याही मागे द्राविडी भाषांमधलं मूळ असावं असं मानतात, पण इंग्रजीच्या दारापर्यंत त्याला नेलं ते मराठीनं. १६९८ सालच्या इंग्रजी छापील मजकुरात तो सापडतो. परक्या कानांनी मुंगूस ऐकलं, शेवटी त्यांना ओळखीचा गूस ऐकू आला, आणि स्पेलिंग त्या पक्ष्याच्या नावासारखं होऊन बसलं. मुंगसाच्या इंग्रजी नावात असा एक पक्षी येऊन राहिला, ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. माझ्या भाचीनं नेमकं हेच तर केलं होतं. तिनंही मॉन्गूसमध्ये गूस ऐकला होता. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी तो ऐकला, त्यांचं ऐकणं शब्दकोशात गेलं. तिच्या ऐकण्यावर मी लाल काट मारली.

मग झोप आली नाही. एकेक शब्द काढत बसलो. गूसचं गीस का होतं, इथूनच सुरुवात केली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, इंग्रजीला इंग्रजी म्हणण्याच्याही आधी, या शब्दांचं अनेकवचन प्रत्यय लावूनच होत असे आणि त्या प्रत्ययात एक 'इ' होती. उंदीर म्हणजे 'मूस', आणि पुष्कळ उंदीर म्हणायचे तर त्याच्या शेपटाला ती 'इ' जोडायची. आता जिभेची एक सवय आहे. तिला पुढच्या स्वराची चाहूल आधी लागते. 'मू' म्हणत असतानाच ती पुढे येणाऱ्या 'इ'साठी सरकायला लागते, आणि मधला 'ऊ' जागा सोडून 'ई'कडे कलतो. एका माणसाच्या तोंडी हा फरक कानाला कळायचाही नाही. पण पिढ्यामागून पिढ्या तसंच बोलत गेल्या आणि स्वर कायमचा वळला. त्यानंतर तो प्रत्यय हळूहळू झिजला आणि पडला. वळलेला स्वर तेवढा राहिला. पुढे १५व्या शतकापासून इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले, तेव्हा मूसचा माउस झाला आणि मीसचा माइस, गोसचा गूस आणि गेसचा गीस. लाउस-लाइस त्याच घरातले, आणि आम्ही झोक्यात म्हणायचो ते टूथ-टीथ, फूट-फीटसुद्धा.

कुणी उठून गेल्यावर गादीवर खळगा राहतो, तसा माइसमधला तो स्वर आहे.

मुंगूस इंग्रजीत पोचलं ते स्वर वळल्यानंतर हजारएक वर्षांनी. तोवर ती 'इ' केव्हाच गेली होती. स्वर वळवायला कुणी उरलंच नव्हतं. मॉन्गीस होत नाही ते एवढ्यासाठी. भाचीच्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते तिला समजण्याइतकं सोपं होतं.

या शोधात मला आपल्याकडचेही जुने सोबती भेटत गेले, याचा आनंद वेगळाच होता. गूस आणि हंस हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. हंस मोठ्यानं म्हणून पाहावं, मग जर्मन लोक म्हणतात तसं 'गान्स' म्हणावं. अनुस्वार दोन्हीकडे आहे. इंग्रजीनं 'स'च्या आधीचा तो अनुनासिक गाळून टाकला आणि गोस उरला. पण खरा अंगावर काटा आला तो ऑक्सनपाशी. सगळीकडे 'स' लागत असताना या एका बैलाला 'न' का, हे मला कधीच कळलं नव्हतं. तो 'न' बाहेरून चिकटवलेला नाही. तो त्या शब्दाच्या अंगातलाच आहे. संस्कृतात बैलाला उक्षन् म्हणतात. राजन् शब्द चालवताना आपण 'राजा, राजानौ, राजानः' म्हणतो, तसाच हा चालतो: एक असेल तर उक्षा, पुष्कळ असतील तर उक्षाणः. एकवचनात 'न' लपतो, अनेकवचनात बाहेर येतो. ऑक्स, ऑक्सन. हजारो वर्षं आणि हजारो मैल दूर गेलेल्या दोन भाषा एका बैलाच्या बाबतीत अजून तीच खूण सांभाळून आहेत. ज्याला मी अपवाद म्हणून पाठ केलं होतं, ते एवढं जुनं होतं. इंग्रजीतला नेहमीचा 'स'च खरा नंतर शिरजोर झालेला.

शीप आणि डिअर यांची गोष्ट निराळी. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी शब्दांचा एक गट होता, ज्यांना अनेकवचनात प्रत्ययच लागत नसे. शीप, डिअर, स्वाइन त्यातलेच. घोडाही त्यातच होता: एक हॉर्स, पुष्कळ हॉर्स. पुढे घोड्यानं 'स' घेतला, मेंढीनं घेतला नाही. मासा तर उलट्या वाटेनं गेला. त्याला पूर्वी रीतसर प्रत्यय होता, तो त्यानं पुढे टाकला. आज एका जातीचे पुष्कळ मासे असले तर फिश म्हणतात, आणि निरनिराळ्या जाती सांगायच्या असल्या तर फिशेस. डिअरचा तर अर्थही अरुंद झालेला आहे. जुन्या इंग्रजीत डिअर म्हणजे कुठलाही प्राणी. शिकारीचा मुख्य प्राणी हरीण, म्हणून होता होता शब्द हरणावरच थांबला. हे वाचलं आणि मृग आठवला. मृगाचंही अगदी असंच झालं. आधी कुठलंही रानटी जनावर म्हणजे मृग. नाहीतर सिंहाला मृगराज कसं म्हटलं असतं, माकडाला शाखामृग कसं म्हटलं असतं? आणि शिकारीला मृगया? दोन भाषांमधली माणसं एकमेकांना न विचारता एकाच प्राण्यापाशी येऊन थांबली.

आणि शीपवर आम्ही कशाला हसलो होतो? एक वाघ, दोन वाघ. एक हत्ती, दहा हत्ती. एक उंदीर, घरभर उंदीर. मराठीत अर्धेअधिक पुल्लिंगी प्राणी शीपसारखेच आहेत. वाघ एक की अनेक हे वाघाला विचारून कळत नाही, क्रियापदाला विचारावं लागतं: वाघ आला, वाघ आले. त्या वर्गात एकालाही हे सुचलं नाही, कारण आपली भाषा आपल्याला कुणी रांगा पाडून दाखवलेली नव्हती.

जे शब्द असे हट्टानं जुने राहिले, ते प्राणी कुठले आहेत ते पाहावं. उंदीर, ऊ, हंस, मेंढी, डुक्कर, बैल, हरीण. घरातले, गोठ्यातले, डोक्यातले, शेताच्या कडेचे. शब्द सारखा तोंडात असला की त्याचं जुनं रूप मोडत नाही. जिराफ, गेंडा, झेब्रा हे दुरून आणि उशिरा आले, त्यांना सरळ 'स' लागला. तरी हा हिशेब पुरता जुळत नाही, हेही सांगायला हवं. शेळीपेक्षा जवळचं काय असतं? पण गोटनं आपलं जुनं, स्वर वळणारं अनेकवचन सोडून दिलं. गाईचं जुनं अनेकवचन 'काय' असं होतं, त्याला पुन्हा एक 'न' लागून 'काइन' झालं, आणि १६११च्या इंग्रजी बायबलात ते अजून दिसतं. स्पेलिंगमध्ये काऊशी त्याचं एकही अक्षर जुळत नाही. आज ते कुणी बोलत नाही. मला काइनचं वाईट वाटतं. एवढा जवळचा प्राणी, आणि त्याचाच जुना शब्द निसटला.

मग समूहांच्या नावांकडे वळलो, आणि तिथे वेगळंच जग निघालं. आपणही शाळेत हे केलेलं असतं: उंटांचा तांडा, गुरांचं खिल्लार, पक्ष्यांचा थवा, माकडांची टोळी. इंग्रजीतली यादी मात्र फार लांब आहे, आणि तिचं मोठं मूळ १४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या पुस्तकात आहे. बहिरी ससाणे कसे बाळगावेत, शिकार कशी करावी, घराण्यांची चिन्हं कशी ओळखावीत, असं खानदानी माणसानं जाणायचं सगळं त्यात आहे. ते डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगितलं जातं. त्यात दीडशेहून जास्त समूहनामं एकाखाली एक दिली आहेत. सिंहांचा गर्व. बिबट्यांची झेप. अस्वलांचा आळस. जमिनीखाली सतत उकरत राहणाऱ्या मोलचे कष्ट. डोमकावळ्यांचा निष्ठुरपणा. आणि त्याच यादीत माणसंही: वकिलांचं वक्तृत्व, न्यायाधीशांची शिक्षा, जोगिणींचा अतिरेक. म्हणजे ही निव्वळ शिकाऱ्यांची परिभाषा कधीच नव्हती. कुणीतरी मन लावून शब्दांशी खेळत होतं, आणि ज्याला हे शब्द येत नाहीत तो आपल्यातला नाही, हेही त्यातून ठरत होतं. हे दुसरं मला खुपतं. पहिल्यावर मात्र जीव जडला.

सगळ्यांत आवडली ती ऐकून किंवा नीट पाहून ठेवलेली नावं. हंस जमिनीवर असले की त्यांना गॅगल म्हणतात, त्यांच्या कलकलाटाचीच नक्कल. तेच हंस उडाले की त्यांना स्केन म्हणतात, म्हणजे सुताची लड. संध्याकाळच्या आकाशात लांबून येणारी ती वाकडीतिकडी, मधेच सैल होणारी, पुन्हा ताणली जाणारी रेघ ज्यानं पाहिली असेल, त्याला या शब्दात काहीच वाढवावंसं वाटणार नाही. चंडोलांच्या समूहाला उंच चढण्यावरून नाव आहे, कारण चंडोल गातगातच वर चढतो. गोल्डफिंच पक्ष्यांच्या समूहाला चार्म म्हणतात. आज त्यात मोहिनी ऐकू येते, मूळ शब्द होता चिवचिवाटाचा. स्टार्लिंगच्या थव्याला मर्मरेशन म्हणतात, कुजबुज. हजारो पंख एकदम वळतात तेव्हा होणारा तो आवाज. रोमच्या आकाशातल्या या थव्यांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडे लक्ष देतो, आणि तेवढ्यावर अख्खा थवा एका अंगासारखा वळतो. म्हणजे कुजबुज हा शब्द कुणाला वाटला असेल त्याहून जास्त खरा निघाला. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या कानात सांगावं, तसंच तर ते आहे. झेब्र्यांसाठी आणि गेंड्यांसाठी अलीकडे घडवलेली झगमगीत नावं मला तितकीशी भावत नाहीत. त्यांच्यात प्राण्याजवळ घालवलेला वेळ दिसत नाही.

माशांच्या समूहाला स्कूल म्हणतात. तिथे शाळा नाही. तो डच भाषेतून आलेला, जमाव या अर्थाचा निराळाच शब्द आहे, दोघांचं रूप योगायोगानं एक झालं. आपल्याकडे शाळा भरते ती कावळ्यांची, आणि ती मात्र खरोखरीची शाळा.

इंग्रजीत कावळ्यांच्या समूहाला मर्डर म्हणतात. खून. हा शब्दही त्या १४८६च्या यादीतलाच. तो वाचला की मला लहानपणची एक दुपार आठवते. गच्चीच्या कठड्यापाशी एक कावळा मरून पडला होता. पंख अर्धवट उघडे, डोळ्यावर राखाडी साय आलेली, आणि मुंग्यांची रांग चोचीपर्यंत पोचलेली. पंधरा-वीस कावळे आले. टाकीवर, तारेवर, कठड्यावर बसले आणि असे ओरडू लागले की कानात दडे बसावेत. मी दाराआड उभा होतो, भीतीनं पाय हलत नव्हते. मग एकाएकी सगळे थांबले. काही क्षण कुणीच आवाज केला नाही, आणि एकेक करून ते उडून गेले. पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात, की मेलेल्या सोबत्याभोवती जमून कावळे धोका कुठला, कुठे, हे शिकत असतात. मी त्या दुपारी जे पाहिलं त्याला खून हे नाव मी देणार नाही. शाळा म्हणायला माझी तयारी आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीला बोलावून सगळं सांगितलं. आधी सांगितलं की तिचं ऐकणं चुकलेलं नव्हतं. ती वही घेऊनच आली होती, पण उघडेना. मी तिला म्हटलं, 'मू' म्हण आणि लगेच 'सि' म्हण, आणि जिभेकडे लक्ष दे. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मूसि, मूसि करत राहिली, हळू, मग भरभर, मग अगदी हळू. एकदम थांबली. "सरकते!" म्हणाली. मग आरशासमोर गेली आणि पुन्हा सुरू केलं. उक्षन् तिला फारसा भावला नाही. मुंगूस आपलं आहे हे कळल्यावर मात्र तिनं वही उघडली आणि माझ्या लाल काटेकडे जरा वेळ पाहिलं. काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमारास, तिनं खिडकीतून मला दबक्या आवाजात हाक मारली. कुंपणाच्या भिंतीला चिकटून एक मुंगूस चाललं होतं. मुंगूस सहसा एकटंच दिसतं, म्हणून असेल, पण त्याच्या समूहाला आपण कधी नाव दिलेलं नाही. हे एकटं नव्हतं. त्याच्या मागे तीन पिल्लं होती, एकाचं नाक पुढच्याच्या शेपटाला टेकलेलं, जणू एकच लांब प्राणी गवतातून सरपटतोय. अंगावरचा केस न् केस आळीपाळीनं फिकट आणि गडद, त्यामुळे त्या उजेडात त्यांची कड कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. आई थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली, आमच्या दिशेनं पाहिलं. लाल, बारीक डोळे. भाचीनं माझा हात घट्ट धरला होता.

"मामा," ती श्वास रोखून म्हणाली, "मुंगसं!"

मधला ऊ गाळून, शेवटी अनुस्वार देऊन. वहीत कुठेही न लिहिलेलं, कुणी पाठ न करून घेतलेलं. मी तिच्याकडे पाहिलं, पण तिचं लक्ष भिंतीकडे होतं. आई भिंतीच्या भगदाडात शिरली, तिच्यामागे पहिलं पिल्लू, मग दुसरं. तिसरं भगदाडाच्या तोंडाशी अडखळलं, मागे वळून एकदा गवत हुंगलं, आणि तेही आत गेलं.

"चार होती ना?" तिनं विचारलं.

"चार," मी म्हणालो.